सात पदरांचा रोडगा

माझी शाळा चौथीतच सुटली, म्हणून नातीच्या कॉलेजात शिरताना मी मान जरा जास्तच ताठ ठेवली. तिथल्या मॅडमनं प्रत्येकाला आपल्या घरावर छोटी फिल्म करायला लावली होती आणि आज त्या बघायला घरच्यांना बोलावलं होतं. नातीनं मला गोवऱ्यांच्या आरावर कणकेचे रोडगे भाजताना टिपलं होतं. कॅमेऱ्यासमोर मी ठासून सांगितलं होतं, "हे फक्त आम्हा वऱ्हाडी लोकांचं. जबलपुरात दुसऱ्या कोणाले जमत नाही."

ते वाक्य पडद्यावर आलं आणि मागच्या बाकावरून एका मुलीचे आजोबा उठले. "अरे दादा, ये तो हमारी गक्कड़ है!"

सगळा वर्ग हसला. मीही उठून उभा राहिलो. नातीनं माझा सदरा ओढला, "आजोबा, बसा ना, प्लीज."

काहून बसू? मी पदरांचा मुद्दा काढला, "भैया, गक्कड़ में परत होती है क्या? हमारे रोडगे में पूरी सात होती हैं!"

मग त्यांच्या नातीची फिल्म लागली. त्याच गोवऱ्या, तीच राख झटकण्याची तऱ्हा. आणि शेवटी ते छाती काढून म्हणाले, "ये सिर्फ़ हमारे यहाँ बनती है."

आता मलाच हसू आवरेना. तेही हसत सुटले.

पुढच्या रविवारी नर्मदेच्या काठावर आम्ही शेजारी शेजारी आर पेटवले. दोन्ही नाती कॅमेरा घेऊन हजर. त्यांची गक्कड मी दोनदा मागून खाल्ली. त्यांनी माझा रोडगा फोडला आणि बोटानं पदर मोजले. सहाच निघाले.

"सातवी परत आपकी आँच ने जला दी," मी म्हटलं.