शालिग्रामकाकांचं शून्य

शालिग्रामकाका वैरागडे यांच्यासारखा वक्तशीर आणि तितकाच कटकट्या माणूस रायपूरच्या अख्ख्या गुढियारीत दुसरा सापडायचा नाही. वडील रेल्वेत केबिनमन होते. शेवटच्या डब्यावरची खूण स्वतःच्या डोळ्यांनी पाहिल्याशिवाय 'गाडी पूर्ण आली' असं ते कधी कळवत नसत. काका रेल्वेत गेले नाहीत, पण ही खोड मात्र त्यांनी वारशात घेतली. रायपूर छत्तीसगडची राजधानी झालं त्या सुमाराला, चाळिशी गाठता गाठता, ते आपल्या हिमतीवर कॉम्प्युटर शिकले आणि तेलीबांध्याच्या एका धर्मादाय रक्ततपासणी केंद्रात लागले.

तिथं नवजात बाळांच्या टाचेतून थेंबभर रक्त घेऊन सिकलसेल हा जन्मजात रक्ताचा आजार तपासतात. दोष निघाला तर आईबापाच्या मोबाइलवर मेसेज जातो, की बाळाला घेऊन या, औषध सुरू करायचं आहे. मेसेज पाठवायचं हे काम काकांच्या स्क्रिप्टकडे, म्हणजे त्यांनी कॉम्प्युटरसाठी लिहून ठेवलेल्या हुकमांच्या यादीकडे होतं. रोज सकाळी ती एकामागून एक प्रोग्राम चालवायची. प्रत्येक प्रोग्राम संपताना एक आकडा मागे ठेवून जातो: शून्य म्हणजे काम फत्ते, दुसरं काहीही म्हणजे गडबड. स्क्रिप्ट तो आकडा विचारून लॉगमध्ये, म्हणजे रोजच्या नोंदीत, लिहायची.

"आकडा लगेच विचारायचा," नव्याने लागलेल्या क्षमाला काका दहादा बजावत. "मधात दुसरं काही चालवलं का पहिल्याचा आकडा पुसला जाते. मंग तुले दुसऱ्याचाच भेटन."

"जी सर," क्षमा म्हणायची. घरी मराठी ऐकत वाढलेली ही पोट्टी उत्तर मात्र हिंदीतच द्यायची.

त्या वर्षी दसऱ्याला केंद्रातल्या मशिनींना झेंडूच्या माळा घातल्या, कीबोर्डवर आपट्याचं पान ठेवलं, आणि काकांना लहर आली. आजोबांच्या हातच्या पोथ्या 'शुभं भवतु'नं संपत. मग मेसेजचं काम तसं का संपू नये? त्यांनी मेसेजच्या प्रोग्रामखाली एक ओळ घातली. पडद्यावर 'शुभं भवतु' उमटलं, सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या, आणि काका दिवसभर खुशीत होते.

तुळशीची लग्नं आटोपल्यावर एका रविवारी मागच्या गल्लीतली पिंकी पेढे घेऊन आली. काकांच्या डोळ्यांदेखत वाढलेली ही मुलगी ऐन दिवाळीत बाळंत झाली होती, तिला मुलगी झाली होती. पिंकीचा धाकटा भाऊ बंडू चार वर्षांचा असताना याच आजारानं गेला. म्हणून बाळाचं रक्त दिल्यापासून ती मोबाइल उशाशी घेऊन झोपत होती.

"काका, तुम्हीच म्हणलं होतं ना, पंधरा दिवसांत मेसेज नाही आला तं लेकरू ठीक समजजो? आज अठरा दिवस झाले. नाही आला!" तिचे डोळे भरून आले होते.

"माही स्क्रिप्ट खोटं नाही बोलत, बाई," काका म्हणाले आणि त्यांनी दोन पेढे खाल्ले.

सोमवारी क्षमा एक कागद घेऊन त्यांच्या टेबलाशी आली. "सर, मैसेज कंपनी की रिपोर्ट है. दिवाली के बाद अपना एक भी मैसेज नहीं गया."

काका हसले. त्यांनी लॉग उघडला. एकोणीस दिवस, एकोणीस शून्य. "हे पाय. शून्य म्हणजे गेला."

क्षमा वाद घालत बसली नाही. तिनं मेसेजचा प्रोग्राम एकटाच हातानं चालवला आणि, काकांनीच शिकवल्याप्रमाणे, लगेच आकडा विचारला. पडद्यावर आला एक.

काकांनी स्क्रिप्ट उघडली. मेसेजचा प्रोग्राम. त्याखाली 'शुभं भवतु'. त्याच्याही खाली आकडा विचारणारी ओळ. कंपनीनं दिवाळीत पासवर्ड बदलला होता, प्रोग्राम रोज दारातूनच परत येत होता, आणि स्क्रिप्ट आकडा विचारत होती तो 'शुभं भवतु'चा. अक्षरं छापायचं काम कशाला बिघडतं? तो आकडा कायम शून्यच.

जी चूक करू नका म्हणून काकांनी सगळ्यांचं डोकं खाल्लं, ती त्यांनी हार घालून, टाळ्या घेऊन केली होती. "हे म्या केलं?" ते दोनदा म्हणाले. क्षमानं न गेलेल्या मेसेजांची यादी काढली. चौदा नावं होती. नवव्या नावावर काकांचं बोट थांबलं.

"बाकीच्यांले तू आताच्या आता फोन लाव," ते कसंबसं म्हणाले. "हिच्याकडे मी जातो."

गुढियारीपर्यंत स्कूटर कशी चालवली, ते त्यांना पुढे कधी आठवलं नाही. पिंकी अंगणातल्या उन्हात पाय पसरून बाळाला तेल लावत होती. "या काका! एवढ्या दुपारचे?"

काका तिच्यासमोर जमिनीवरच बसले. "पिंके, मेसेज पाठवायचा होता, पण गेला नाही. माही चूक झाली. तपासणीत दोष निघाला आहे. उशीर नाही झाला, औषध आहे. आता माह्यासंगं चल."

पिंकीचा तेलाचा हात बाळाच्या पोटावर तसाच राहिला. कुणीतरी भलत्याच घरचं बोलतंय, अशा नजरेनं ती त्यांच्याकडे पाहत होती. मग तिनं पदराला हात पुसला, शेजारचा मोबाइल उचलला आणि त्यांच्यापुढे धरला.

"पण काका, मेसेज तं नाही आला ना? तुम्हीच पाहा. काहीच नाही आलं."