परडीतली पंधरावी कवडी

भूतखेत, भानामती, अंगात येणं — असल्या गोष्टींवर माझा कधी भरवसा नव्हता. देवीच्या गावात जन्म गेला, पण देवी माझ्याशी कधी बोलली नाही आणि मीही तिला कधी तोशीस दिली नाही. शेजारचे मास्तर तुमच्या मासिकाचा अंक आणतात आणि त्यातले लोकांचे अनुभव मला वाचून दाखवतात. निम्मे मला थापा वाटतात. तोंडावर सांगतो म्हणून राग मानू नका. माझ्यावर जे गुदरलं ते लिहून पाठवतोय, ज्याला थाप वाटेल त्यानं खुशाल थाप म्हणावं.

मी निजामाच्या अमलात तीन इयत्ता उर्दूत शिकलो. बाळबोध अक्षर मागाहून हाताला लागलं. मास्तरांनी माझं 'न्हाय' खोडून 'नाही' केलंय, तेवढंच त्यांचं. बाकी सगळं माझं.

आमचं घर तुळजापुरात, देवळाच्या खालच्या अंगाला, उताराच्या बोळात. दोन पत्र्याच्या खोल्या, पुढं लांब पडवी, अंगणात रांजण. आम्ही पुजारी नव्हं. पुजाऱ्यांच्या घरी यात्रेकरू मावेनासे झाले की उरलेली माणसं आमच्याकडं उतरायची. एक मुक्काम, फार तर दोन. डोईला चार आणे. मी जकात नाक्यावर शिपाई होतो, पोलीस ॲक्शननंतर ती नोकरी गेली आणि तेव्हापासून ह्या दोन खोल्यांनीच आम्हाला जगवलं.

आम्हाला म्हणजे मला आणि वसंताच्या आईला. तिला मी जन्मभर असंच म्हणालो, वसंताची आई. नावानं कधी हाक मारली नाही... आता मारावीशी वाटते.

घर खरं चालवलं तिनं. तिला अक्षर येत नव्हतं. दाराच्या आत खुंटीला देवीची परडी टांगलेली असायची — वेताची, बारीक विणीची. माणूस उंबरा ओलांडून आत आलं की ती कमरेच्या पिशवीतून एक कवडी काढून परडीत टाकायची. निघताना एक कवडी परत पिशवीत. रांजणात पाणी किती, पडवीत चटया किती, सगळं ती परडीकडं बघून ठरवायची. यात्रेकरू लोक लई चतुर असतात. आठ सांगतात, मागनं एकेक करत बारा आत घेतात. तिच्यापुढं हे चाललं नाही. "दादा, तुमच्या चार कवड्या जास्ती पडल्यात," एवढंच म्हणायची, आणि माणूस मुकाट्यानं कनवटीला हात घालायचा.

एका गोष्टीवरनं आमचं भांडण होतं. अंगावरचं लेकरू आणि धरून आणावं लागणारं म्हातारं, ह्यांची ती कवडी टाकायची पण पैसा घ्यायची नाही. मी म्हणायचो, "पाणी तर पितात की."

"पिऊ द्या. त्यांची कवडी पडंल, पैसा न्हाय."

"का म्हणून?"

"तुमी म्हातारं हुताल तवा कळंल."

नये पैसे येऊन दोन-तीन वर्षं झाली असतील, त्या आषाढात ती गेली. तीन दिवसांचा ताप. मी रडलो नाही. चूल मात्र पेटवता येईना. कवड्यांची पिशवी मी ट्रंकेत टाकली, कुलूप लावलं, किल्ली करदोट्याला बांधली. परडी खुंटीला राहिली, रिकामी.

नवरात्रात मी एकट्यानं घर उघडलं आणि तोंडावर आपटलो. एका टोळीनं नऊ सांगितले, झोपायला अठरा. दुपारपर्यंत रांजण तळाला गेला. दुसऱ्या खोलीतल्या माणसांनी माझा उद्धार केला आणि बोचकी उचलून चालती झाली. बोळात बोभाटा झाला की बाई गेली तसं त्या घराचं पाणी गेलं.

हे उमरग्याला कळलं. वसंता, माझा एकुलता पोरगा, तिथं मोटारींच्या अड्ड्यावर कारकून आहे. अश्विनी पुनवेच्या आदल्या दिवशी दुपारी तो आला, पिशवीत नवंकोरं पितळी कुलूप घेऊन. ते त्यानं कोनाड्यात ठेवलं, मला दिसेल असं.

"अप्पा, ही पुनव बघू," तो म्हणाला. "घर नीट चाललं तर ऱ्हावा. न्हाय तर परवा दाराला हे लावायचं आन् माझ्यासंगट चलायचं. माणसं तुमाला लुटाय लागलीत आन् वर शिव्या देतात. माझ्याच्यानं ऐकवत न्हाय."

पोराचं चुकत होतं असं नाही. पण ते घर म्हणजे तीच होती. त्याला कुलूप लावून मी उमरग्याच्या एका खोलीत बसून काय करणार होतो?

मी कडक कायदा केला होता. जो आत येईल त्याला चार आणे. लेकरू असो, म्हातारं असो, सूट नाही. पैसे आधी, उंबऱ्यावर. माणूस आत आलं की भिंतीवर कोळशाची रेघ. सकाळीच बोळाच्या तोंडाशी उभा राहून मी हे चारदा ओरडून सांगितलं होतं.

वसंता पोचल्यावर घटकाभरानं एक टोळी आली. लोहाऱ्याच्या पलीकडची, कानडी मुलखाला लागून असलेल्या गावची. पुढारी शिवप्पा नावाचा, पन्नाशीचा. सकाळी एकटा पुढं येऊन भाव विचारून गेला होता तोच. बैलगाड्या खाली गाडीतळावर सोडून माणसं चालत वर आली होती.

"किती?"

"चौदा, मालक."

चौदा आत आली, चौदा रेघा पडल्या. साडेतीन रुपये त्यानं गाठोड्यातून आणेल्या-चवल्या करत मोजून दिले. वसंता बाजूला बसून बघत होता. एकही माणूस जास्ती नाही. मला बरं वाटलं. पागोटं काढून खुंटीला अडकवायला गेलो आणि हात तसाच राहिला.

परडीत कवड्या होत्या.

मला पहिल्यांदा रागच आला. वाटलं पोरगा बापाची चेष्टा करतोय. "वसंता, तुझ्या आईच्या कवड्यांना हात कुणी लावला?"

"म्या कशाला लावू? किल्ली तुमच्या कमरंला हाय की."

किल्ली कमरेलाच होती. ट्रंक उघडली. पिशवी आत, जागच्या जागी. तोंडाला तिचीच गाठ, तीन वेढ्यांची. ती गाठ मला कधी बांधता आली नाही, वसंतालाही येत नाही. ती सोडायला आम्हाला दात लावावा लागला. तिच्याजवळ एक्कावन्न कवड्या असायच्या, हे बोळातल्या पोरांनाही ठाऊक होतं. पिशवीत छत्तीस निघाल्या. परडीतल्या मोजल्या. पंधरा.

वसंताचा चेहरा उतरला. मला मात्र एकच दिसत होतं — पंधरा. रेघा चौदा.

मी पडवीत गेलो. "शिवप्पा, पंधरावा कुठाय?"

तो तंबाखू मळत होता. "कोन पंधरावा? चौदाच हाव की. मोजा."

"मोजलेत. पंधरावा कुठं लपवलाय ते सांग."

"मालक, माणूस काय चिल्लरीचं गाठुडं हाय व्हय, कोपऱ्यात लपवाय?" माणसं हसली. मी दोन्ही खोल्या बघितल्या, चटई उचलली, रांजणाच्या मागं वाकलो. पुन्हा मोजलं. चौदा. एक जण म्हणाला, "मालक, रांजणात बी बघा, बुडी मारली आसंल." पुन्हा हसू.

मी हटलो नाही. "आमच्या घरात मोजणी चुकत नाही," म्हणालो. "पंधरावं माणूस दाखवल्याबिगर पाणी मिळणार नाही."

मग शिवप्पाचं डोकं फिरलं. उठून उभा राहिला. "पैसं मोजून घेतल्यात आन् वर चोर म्हणतायसा? द्या आमचं साडेतीन रुपये. उठा रं, बोचकी बांधा."

बोचकी बांधायला लागली. बोळात माणसं जमली. वसंता माझ्याजवळ आला, आवाज खाली करून म्हणाला, "अप्पा, पुरे. सगळं गाव बघतंय." आणि त्याची नजर कोनाड्यातल्या कुलपाकडं गेली. मलाही दिसलं, आता संपलं. पैसे परत द्यायला मी कनवटीला हात घातला. तोंडातनं काय निघालं ते मी ठरवून बोललो नाही. तिचंच वाक्य निघालं. तिच्याच ठसक्यात, असं वसंता अजून सांगतो.

"म्हातारं माणूस आसंल तर आणा आत. त्याची कवडी पडंल, पैसा न्हाय."

शिवप्पाची थोरली सून कडेला उभी होती, हातात तांब्या. तिनं पदर तोंडाला लावला आणि हुंदका दिला. "मामा, सांगा की आता. अज्जी..."

शिवप्पा खाली बसला. पागोटं काढून गुडघ्यावर ठेवलं.

"माझी अव्वा हाय, मालक, माझी आई," तो म्हणाला. "गाडीत. चालवत न्हाय तिला. सकाळी तुमी म्हनलात, म्हाताऱ्याला बी चार आनं. आमच्यापाशी चौदाचंच हुतं. तीच म्हनली, म्या गाडीत पडते, तुमी देवी बघून या. म्या न्हाय म्हनलं... पर ऐकलं तिचंच."

त्याच्या तोंडाकडं मला बघवेना. लबाडी त्याची नव्हती. कायदा माझा होता.

आम्ही उतारावरून पळत खाली गेलो. मी, वसंता, शिवप्पा. दिवस मावळायला टेकला होता. म्हातारी गाडीत नव्हती. सावली बघत खाली उतरली असावी. दोन गाड्यांच्या मधे, चाकाला टेकून पडली होती. ओठ पांढरे, डोळे अर्धे मिटलेले, घागर आडवी होऊन सांडलेली. दुपारभर ऊन तिथंच होतं. आणखी घटकाभर गेली असती तर काय झालं असतं ते मी लिहीत नाही.

वसंतानं कुणाला विचारलं नाही. तिला पाठीवर घेतलं आणि उतार चढून वर आणलं, मधे एकदाही न थांबता. सुनेनं चमच्या-चमच्यानं पाणी पाजलं, मी गूळ भिजवून दिला. कंदील लागले तेव्हा ती उठून बसली होती. सवयीनं माझा हात परडीकडं गेला. मग आठवलं, तिची कवडी आधीच पडलीय.

म्हातारीनं सगळीकडं बघितलं. "ह्या घरात म्या येऊन गेलीया," म्हणाली. "माझं धनी हुतं तवा. हितली मालकीण हाताला धरून उंबऱ्यातनं आत घ्यायची. कुठाय ती?"

"आषाढात गेली," मी म्हणालो.

ती म्हणाली, "मग आता हात कोन धरतं?"

"मी धरतो," मी म्हणालो. आणि त्या दिवशी, तिच्या मागं पहिल्यांदा, मी रडलो. शिवप्पानं माझ्या पाठीवर हात ठेवला. ज्याला मी चोर म्हणालो होतो त्यानं.

दुसऱ्या दिवशी पुनवेला आमच्या बोळात पाय ठेवायला जागा नव्हती. शिवप्पाच्या माणसांनी रातोरात गावभर केलं होतं. पुजारी स्वतः माणसं धाडायला लागले. टोळ्या उंबऱ्यावर येऊन परडीला हात जोडायच्या आणि खरा आकडा सांगायच्या — दहा सांगून पुन्हा मागं वळून बघायच्या, अकरावा कुणी राहिला का. एक पोटुशी बाई हसत म्हणाली, "मालक, पोटातल्याची कवडी पडती का?" मी म्हणालो, "पडती. पैसा न्हाय." वसंता पाण्याच्या घागरी वाहत होता आणि अख्ख्या पडवीपेक्षा मोठ्यानं हसत होता. दोन्ही खोल्या, पडवी, अंगण, सगळं भरलं. एक तंटा नाही, एक चटई कमी नाही. तिच्या हयातीतसुद्धा इतकं चाललं नव्हतं, हे मी तिच्या तोंडावर सांगितलं असतं.

तिसऱ्या दिवशी वसंता उमरग्याच्या एसटीत बसला. कुलूप पिशवीत होतं. खिडकीतनं म्हणाला, "मोटारींच्या अड्ड्याला लई कुलपं लागतात, कामाला यील."

मास्तर म्हणतात, तुम्हीच दुःखाच्या भरात कवड्या टाकल्या असतील आणि विसरला असाल. टाकल्याही असतील, मास्तर. पण गाठ तिची कशी? आणि जिचा पाय त्या दिवशी उंबऱ्याला लागला नव्हता, जिचं नावही मला ठाऊक नव्हतं, तिची कवडी मी कुठनं टाकली? यावर मास्तर चष्मा पुसतात.

तेव्हापासून कवड्या मीच टाकतो, माझ्या हातानं. परडीत आपोआप काही पडलेलं मी पुन्हा बघितलं नाही. फक्त एक आहे. अश्विनी पुनवेची शेवटची टोळी गेली, गेलेल्या माणसांच्या कवड्या मोजून पिशवीत भरल्या, की परडीत एक उरते. दरसाल. घरात तर मी एकटाच असतो. ती माझी की तिची, हे काही अजून मला उलगडलं नाही.

तशीच राहू देतो. दोघांपैकी कुणाचीही असली तरी पैसा न्हाय. मास्तर, हा 'न्हाय' खोडू नका.