लोसी सेंगच्या घरची भिंत

मलेशियात इपोजवळच्या मेंगलेंबूत येऊन चोंग युन सेंग कुठे राहतो असं विचारलंत तर पोस्टमनसुद्धा डोकं खाजवेल. लोसी सेंग म्हणा, शेंबडं पोरही तुम्हाला दारापर्यंत आणून सोडेल. लोसी म्हणजे स्क्रू. गेल्या तीस-पस्तीस वर्षांत इपोच्या या अंगाला ज्या चौकटी, खिडक्यांच्या जाळ्या, बेसिनं आणि न्हाणीघरातले आधाराचे दांडे भिंतींना लागले, त्यातले निम्मे तरी याच माणसाच्या हातचे.

बाकीचे कारागीर भिंतीत आधी प्लास्टिकचा प्लग ठोकायचे आणि त्यात स्क्रू पिळायचे. सेंगला हे मधलं दलालाचं खातं कधीच पटलं नाही. त्याचे स्क्रू लांब, चौकटीतून थेट विटेत शिरून स्वतःचे आटे स्वतः पाडणारे. त्याचे नियमही ठरलेले होते. भोक स्क्रूपेक्षा थोडं खोल हवं, म्हणजे भुकटीला तळाशी जागा राहते. जुन्या विटेला ड्रिलचा दणका द्यायचा नाही, नुसतं फिरवायचं. दोन विटांच्या सांध्यात चुकूनही जायचं नाही. आणि आवळलेला स्क्रू काढून परत त्याच भोकात घालणाऱ्याशी तर तो बोलणंच टाकायचा. काम झालं की हा साठीचा गृहस्थ दांड्याला लोंबकळून दोन्ही पाय वर उचलायचा. घरमालकीण घाबरली की म्हणायचा, "पडलो तर माझं हाड मोडेल, तुझ्या सासूचं शाबूत राहील. मग तुला काय काळजी?"

अशा माणसाच्या स्वतःच्या न्हाणीघरात मात्र धरायला साधी खुंटी नव्हती. घरात चौऱ्याऐंशी वर्षांची आई होती, तरी नव्हती. शेजारीपाजारी यावर हसले नाहीत, कारण त्यामागची गोष्ट सगळ्यांना ठाऊक होती.

सून पोटुशी असली की आमच्याकडे घरात खिळा ठोकत नाहीत, भोक पाडत नाहीत. गर्भाचा देव रोज जागा बदलतो, आज दारात, उद्या चुलीपाशी, परवा न्हाणीत. त्याला धक्का लागला की तो बाळाला लागला. आणखीही एक रीत आहे. तीन महिने भरेपर्यंत दिवस गेल्याचं कुणाला सांगायचं नाही. या दोन रीती एकाच घरात नांदायच्या तर सासऱ्याने काय करावं, हे मात्र कुठल्या शहाण्याने लिहून ठेवलेलं नाही.

दोन वर्षांपूर्वी एका रविवारी सेंगने स्वयंपाकघरात मसाल्याच्या बाटल्यांसाठी फळी बसवली. चार स्क्रू, वीस मिनिटांचं काम. मंगळवारी सून सूक क्वान हिला दवाखान्यात न्यावं लागलं. तिला दिवस गेले होते हे सेंगला कळलं ते मूल गेल्यावरच. बायको युक लान एकदाच म्हणाली, "रविवारी तू ड्रिल चालवलंस." पुन्हा तिने विषय काढला नाही. काढायची गरजही नव्हती. सेंगने त्या रात्री फळी उतरवली, भोकं सिमेंटने बुजवली, आणि तेव्हापासून तो स्वतःच्या घरातल्या भिंतींकडे परक्याच्या घरात बघावं तसा बघू लागला.

आता सूक क्वानला सातवा महिना होता. मुलगा वाय होंग नोकरीला सिंगापूरला, पंधरा दिवसांनी एकदा येणारा. युक लानने सेंगच्या हत्यारांची पेटी लाल कापडात घट्ट बांधून बाहेर पडवीत ठेवली होती. कामाला जाताना तो कापड सोडायचा आणि परत आला की दारातच बांधायचा.

त्यात आई न्हाणीत घसरली. नळ हाताला लागला म्हणून कंबर वाचली. युक लानने बाजारातून रबराने भिंतीला चिकटणारं हँडल आणलं. तिसऱ्या दिवशी ते म्हातारीच्या हातात आलं आणि ती बादलीवर बसली.

"चांगलं आहे," म्हातारी म्हणाली. "निदान माझ्याबरोबर खाली तरी येतं."

सेंगने बायकोला विचारून पाहिलं, "पंचांगात बघ ना, देव न्हाणीत नसेल असा एखादा दिवस."

"पंचांगावर माझा भरवसा आहे, म्हाताऱ्या. तुझ्या ड्रिलवर नाही."

बाई वाईट नव्हती. स्वतःची दोन गमावून तिसरं जगलं होतं तिचं. पण पहाटेपासून अकरापर्यंत ती बाजारात सोयाबीनचं दूध विकायची, आणि सासूच्या आंघोळीची वेळ नवाची. म्हणजे म्हातारीला ओल्या फरशीवर धरून उभी कोण, तर सात महिन्यांची सूक क्वान. बुधवारी कॉफी प्यायला म्हणून सेंग मधेच घरी आला तेव्हा त्याने ते पाहिलं. आजीसासू आणि नातसून एकमेकींना धरून होत्या, आणि कोण कुणाला सावरतंय ते कळत नव्हतं.

आ फोला, म्हणजे आजीसासूला, खुर्चीत बसवून सूक क्वान पडवीत गेली आणि पेटीवरच्या कापडाची गाठ सोडू लागली.

"काय करतेस?"

"दांडा लावा, पा. मा यायला अजून दीड तास आहे."

"बांध ते आधी. वेड लागलंय का तुला?"

"नाही बांधणार."

"एकदा झालंय माझ्या हातून," सेंग म्हणाला. "दुसऱ्यांदा नाही व्हायचं. मी काम सोडेन, आईला मी धरेन."

"तू मला आंघोळ घालणार?" आतून म्हातारीचा आवाज आला. "त्यापेक्षा मी पारोशी मरेन, आ सेंग."

सूक क्वान हसली नाही. ती पेटीवरच बसली आणि आत ऐकू जाणार नाही इतक्या हळू म्हणाली, "तुमच्या हातून नव्हतं झालं, पा."

"काय?"

"त्याआधीच्या शुक्रवारी मी एकटीच क्लिनिकला गेले होते. बाळाचा ठोका लागत नाही म्हणाले. तुम्ही फळी रविवारी लावलीत."

सेंगला आधी वारांचा हिशेब लागेना. शुक्रवार, मग रविवार. त्याने मनात दोनदा ते मोजून पाहिलं.

"दोन वर्षं," तो म्हणाला. "दोन वर्षं तू बोलली नाहीस."

"सगळे फळीकडे बघत होते. फळीकडे बघत होते तोवर माझ्याकडे कुणी बघत नव्हतं." ती दोन्ही हातांनी लाल कापडाची घडी घालत होती. "म्हटलं, चार दिवस जाऊ देत, मग सांगू. मग सांगता येईना. तुम्ही भोकं बुजवत होतात तेव्हा मी मागेच उभी होते, पा. तरी नाही सांगितलं."

सेंगला राग आला. ओरडावंसं वाटलं, रडावंसंही वाटलं. इतके दिवस ताटावर बसला की घास उतरत नव्हता तो याचसाठी? मग त्याचं लक्ष तिच्या पायांकडे गेलं. सुजून डबल झालेले, मघाच्या पाण्याने ओले. राग काही पुरता गेला नाही, पण त्याने पेटी उचलली.

"वाय होंगला ठाऊक आहे?"

"नाही."

"बरं. आत जा, आईजवळ बस. धूळ उडेल."

त्याने म्हातारीला न्हाणीत उभं केलं, "हात आपोआप कुठे जातो ते दाखव," म्हणाला, आणि तिथेच पेन्सिलीने खूण केली. भिंतीच्या टाइलवर चिकटपट्टी लावली, हलक्या हाताने टाइल भेदली, मग वीट. विटेची भुकटी कोरडी, तांबडी आली तसा त्याचा जीव भांड्यात पडला, वीट घट्ट होती. भोकं फुंकली, गिऱ्हाइकासाठी आणलेला एक दांडा टेकवला, सहा स्क्रू एका दमात आवळले. मग दांड्याला धरून त्याने पाय उचलले आणि नेहमीपेक्षा बराच वेळ तसाच लोंबकळत राहिला.

युक लान अकराच्या आधीच आली. मोरीपाशी तांबडी भुकटी अजून ओली होती. तिने दांडा पाहिला, मग सुनेच्या पोटाकडे पाहिलं, आणि तिचा चेहरा पांढरा पडला.

"कुणी सांगितलं लावायला?"

सूक क्वानने तोंड उघडलं. सेंगने तिला बोलू दिलं नाही.

"कुणी नाही. माझ्या मनाला आलं, लावला."

"आणि काही झालं म्हणजे?"

"तर मागच्यासारखं माझंच नाव घे," सेंग पेटी बांधता बांधता म्हणाला. "मला सवय आहे."