पॉझिटिव्ह आलं, पण बाळ नव्हतं

"पोटात बाळ नाही तुमच्या," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. मी हसले. मला वाटलं, त्यांच्यासमोर दुसऱ्याच कोणाचा कागद आहे.

"टेस्ट पॉझिटिव्ह आलीय ना पण?" मी विचारलं.

"आलीय. फार जास्त पॉझिटिव्ह आलीय. तीच तर काळजी आहे."

पॉझिटिव्हमध्ये कमी-जास्त असतं हे मला तोपर्यंत ठाऊकच नव्हतं. म्युनिसिपाल्टीच्या शाळेत शिकवणारी बाई मी, तिसरीच्या मुलांना गणित घालते, पण गरोदरपण म्हणजे हो किंवा नाही, एवढंच मला माहीत. एकोणीसशे साठचं दशक संपत आलं होतं. आम्ही मुलुंडला चाळीत राहायचो. हे रंगाच्या कारखान्यात होते. सासूबाईंना मी आत्याबाई म्हणायची. त्या माणदेशाकडच्या, नवरा गेल्यावर मुलाकडे आलेल्या. घरात आम्ही तिघंच.

हे मी लिहिते आहे ते अशा बाईसाठी, जिला कोणी सांगेल की तुझा गर्भ 'मोल' आहे. मला सांगितलं तेव्हा हा शब्द घरातल्या, शाळेतल्या कोणीच ऐकला नव्हता. विचारायचं कोणाला?

सुरुवात चांगली झाली होती. पाळी चुकली, उलट्या सुरू झाल्या. त्या काळी लघवी घाटकोपरच्या लॅबमध्ये द्यायची. तिथे ती नर बेडकाला टोचत. गर्भ असला तर काही तासांत बेडकाच्या लघवीत त्याचं स्वतःचंच वीर्य उतरतं, ते दुर्बिणीखाली दिसतं. आमच्या बेडकाने हो म्हटलं आणि आत्याबाईंनी चाळभर पेढे वाटले. तीन महिने कोणाला सांगू नये असं सगळ्याच म्हणतात, पण आत्याबाईंना दम निघाला नाही. लग्नाला बरीच वर्षं झाली होती. त्यांना कोणी विचारायचं, "सुनेचं काय?" तर त्या चुलीकडे बघत बसायच्या. आता त्यांना उत्तर मिळालं होतं.

पण उलट्या थांबेनात. पाणीसुद्धा पोटात राहीना. पोट मात्र भराभर वाढत होतं. तिसऱ्या महिन्यात साडी पाचव्या महिन्यासारखी नेसावी लागली. "जुळं हाय," आत्याबाई म्हणाल्या आणि बाळंतविड्याच्या लोकरीचा रंग ठरवू लागल्या. मग मातकट रंगाचं थोडं थोडं अंगावरून जायला लागलं.

डॉक्टरीणबाईंनी पोट चाचपलं, नळी लावून ऐकलं, परत ऐकलं. त्यांचा चेहरा मी बघत होते. शाळेत एखाद्या मुलाचं उत्तर चुकलंय पण त्याला सांगायचं कसं, तेव्हा माझाही चेहरा तसाच होत असणार. त्यांनी एक्स-रे काढायला सांगितला. एवढ्या पोटात बाळ असतं, तर त्यात त्याची हाडं दिसायला हवी होती. फिल्मवर पांढरं धुकं होतं फक्त.

मग त्यांनी नीट समजावलं. गर्भ रुजला की वार तयार होते, बाळाला पोसणारी. ती वार एक हार्मोन सोडते, म्हणजे रक्तातून निरोप नेणारं द्रव्य. त्याचं नाव कोरिऑनिक गोनॅडोट्रॉफिन, पुढे सगळे त्याला एचसीजी म्हणू लागले. ते लघवीत उतरतं. टेस्ट तेवढंच बघते. बाळ आहे का, हे टेस्टला कळत नाही. वार आहे, एवढंच ती सांगते.

माझ्या पोटात बाळ झालंच नव्हतं. वारच बेफाम वाढली होती. त्याचं नाव हायडॅटिडिफॉर्म मोल. लघवीत पाणी घालून ती दहापट, शंभरपट, त्याहून जास्त पातळ केली, तरी टेस्ट पॉझिटिव्हच येत होती. किती पातळ केल्यावर टेस्ट थांबते, त्याला ते टायटर म्हणतात. माझं टायटर थांबायलाच तयार नव्हतं.

मला रिकामी करायला शहरातल्या मोठ्या हॉस्पिटलात नेलं. रक्त फार गेलं. शुद्धीवर आल्यावर मी नर्सला विचारलं, "मुलगा की मुलगी?" ती माझी चादर सारखी करायला लागली. तबकात जे निघालं होतं ते मी नंतर हट्टाने पाहिलं. पाण्याने भरलेल्या लहान लहान फोडांचे घोस, भिजवलेल्या साबुदाण्यासारखे. साबुदाणा अजूनही मला घरात चालत नाही.

मला वाटलं, सुटलो. डॉक्टरीणबाईंनी ह्यांना आणि आत्याबाईंनाही आत बोलावलं.

"एखादा कण आत राहिला तर तो वाढतो," त्या म्हणाल्या. "रक्तातून फुप्फुसात जातो. कॅन्सर होतो. तो आहे की नाही हे आपल्याला एकाच गोष्टीवरून कळणार, लघवीच्या टेस्टवरून. दोन वर्षं टेस्ट करायची. दोन वर्षं दिवस जाऊ द्यायचे नाहीत. दिवस गेले तर टेस्ट पॉझिटिव्ह येईल, आणि ते बाळामुळे की आजारामुळे, मला सांगता येणार नाही."

आत्याबाईंनी विचारलं, "म्हंजे आता पाझिटिव आलं तर वाईट?"

"वाईट."

आत्याबाई बाहेर येऊन बाकावर बसल्या आणि कितीतरी वेळ पदराचं टोक बोटाला गुंडाळत राहिल्या. त्यांचं सगळं जगच उलटं झालं होतं.

घाटकोपरच्या त्या लॅबचा बाक मी कधी विसरणार नाही. हातात पिशवी, पिशवीत कागदात गुंडाळलेली बाटली, अशा आम्ही बायका ओळीने बसायचो. सगळ्यांना पॉझिटिव्ह हवं होतं, मला एकटीला निगेटिव्ह. लॅबवाला भला माणूस. माझा कागद देताना तो आवाज खाली आणायचा, "निगेटिव्ह आहे हो बाई. पुढच्या खेपेला होईल." शेजारची बाई माझ्या पाठीवर हात ठेवायची. मला ओरडून सांगावंसं वाटायचं की बाई गं, पुढच्या खेपेलाही नको! चीड यायची, हसूही यायचं, आणि दुसऱ्या क्षणी पुढच्या टेस्टची धडकी भरायची.

तोवर बेडूक जाऊन काचेवरची टेस्ट आली होती. लघवीच्या थेंबात औषधाचे थेंब मिसळून काच हलवायची. दूध नासल्यासारखे दाणे धरले तर निगेटिव्ह. एकसारखं दुधाळ राहिलं तर पॉझिटिव्ह. लॅबवाल्याने एकदा मला दाखवलं. दाणे धरेपर्यंत मी श्वास घेतला नाही.

टेस्ट निगेटिव्ह येत होती, पण माझं अंगावरून जाणं थांबत नव्हतं. मग खोकला लागला. कोरडा, छातीत रुतणारा. मी ह्यांना म्हटलं, खडूची धूळ असेल. हे म्हणाले, "टेस्ट चांगली आहे ना? मग झालं तर." आम्ही त्या कागदाला धरून बसलो होतो. आतून मला मात्र काहीतरी चालून येतंय असं वाटत होतं. काय ते सांगता येत नव्हतं. कागद माझ्या बाजूने बोलत होता आणि अंग माझ्या विरुद्ध.

डॉक्टरीणबाईंना हे पटेना. रक्तस्राव आहे, गर्भाशय अजून मऊ, मोठं आहे, आणि टेस्ट निगेटिव्ह कशी? त्या दिवशी मी बाटली घेऊन थेट त्यांच्याकडेच गेले होते. आत्याबाई सोबत होत्या. डॉक्टरीणबाईंनी बाटली खिडकीच्या उजेडात धरली.

"ही सकाळची पहिलीच लघवी आहे ना?"

"हो."

"ही तर पाण्यासारखी आहे. रात्री काय पिता तुम्ही?"

मी आत्याबाईंकडे बघितलं. त्या अभिमानाने पुढे झाल्या. "धन्याजिऱ्याचं पानी देते मी. उष्णता झालीया हिला, त्याबिगर का एवढं जातंय? रात्री तांब्याभर, पहाटं उठल्या उठल्या तांब्याभर. मगच बाटली भरू देते."

आमच्याकडे अंगावरून जास्त जायला लागलं की धने-जिरे रात्रभर भिजवून ते पाणी देतात. पोरींना देतात, बाळंतिणीलाही देतात. माझ्या आईनेही तेच केलं असतं.

डॉक्टरीणबाईंनी बाटली टेबलावर ठेवली. म्हणाल्या, "लॅबमध्ये आम्ही पाणी घालून बघतो. तुम्ही घरूनच घालून आणताय."

हार्मोन थोडंच असेल तर पातळ लघवीत ते टेस्टला सापडतच नाही. म्हणून सकाळची पहिली, रात्रभर साठलेली, दाट लघवी मागतात. हे मला कोणी सांगितलं नव्हतं, आणि आम्हीही विचारलं नव्हतं. सकाळची म्हटली, आम्ही सकाळची नेली.

त्या संध्याकाळपासून पाणी बंद. सकाळची बाटली चहासारखी गडद होती. काचेवर दाणे धरले नाहीत. लॅबवाला उठून म्हणाला, "अभिनंदन बाई!" मी कागद घेऊन तशीच डॉक्टरीणबाईंकडे गेले.

छातीच्या एक्स-रेत उजव्या फुप्फुसात एक ठिपका होता. कोरिओकार्सिनोमा, वारेचा कॅन्सर. मी तीस वर्षांचीही नव्हते.

राग आला का? आला. भयंकर आला. त्या तांब्याकडे बघून मला किंचाळावंसं वाटलं. आत्याबाई बुद्धाच्या तसबिरीपुढे मेणबत्ती लावून बसल्या होत्या. मला म्हणाल्या, "म्या मारलं गं तुला." मी भिंतीकडे तोंड करून आडवी झाले. दुसऱ्या दिवशी त्यांनी तेच डॉक्टरीणबाईंसमोर बोलून दाखवलं. त्या म्हणाल्या, "आजी, पाण्याने आजार वाढला नाही. लपला फक्त. आता सापडलाय. आता तुम्हीच हिला सांभाळा."

मेथोट्रेक्सेट नावाच्या गोळ्या होत्या. वाढणाऱ्या पेशी मारणाऱ्या. त्या चांगल्या-वाईटात फरक करत नाहीत. तोंडभर फोड आले, घास गिळताना डोळ्यांतून पाणी यायचं, केस उशीवर राहायचे. रक्त तपासून गोळ्या थांबवायचे, पुन्हा सुरू करायचे. वॉर्डात माझ्या समोरच्या खाटेवर हाच आजार असलेली एक मुलगी होती, माझ्याहून लहान. एका सकाळी ती खाट धुवून वाळत ठेवलेली दिसली.

आत्याबाई तांदळाची पेज गार करून चमच्याने भरवायच्या. घरी असले आणि दुसऱ्या दिवशी टेस्ट असली की संध्याकाळी जेवणं झाली की त्या माठावर परात पालथी घालायच्या आणि परातीला टेकून बसायच्या. ह्यांना पाणी हवं असलं तरी बाहेरून घोटभर आणून द्यायच्या. "तिच्या डोळ्यांदेखत पिऊ नगस," म्हणायच्या. माझा राग कधी गेला मला कळलं नाही. त्या परातीला टेकलेल्या बघितल्या की हसू यायचं.

टायटर उतरत गेलं. मग निगेटिव्ह. दाट, गडद लघवीची निगेटिव्ह. फुप्फुसातला ठिपका पुसट झाला, मग दिसेना. तरी बाटली घेऊन त्या बाकावर बसणं ठरल्याप्रमाणे चालूच राहिलं.

बाई गं, तुझ्यावर ही पाळी आली तर एवढं कर. सकाळची लघवी का मागतात, ते विचार. घरात तुला काय काय पाजतात, ते डॉक्टरांना सांग, लाजू नकोस. आणि कागद एक सांगतोय, अंग दुसरं सांगतंय असं वाटलं, तर गप्प बसू नकोस.

शेवटची टेस्ट झाली त्या दिवशी डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "आता बाटली आणू नका. मलाच कंटाळा आलाय तुमच्या बाटलीचा." बाहेर आल्यावर आत्याबाई म्हणाल्या, तू हो पुढं. आणि कुठेतरी गेल्या.

घरी आल्या त्या पेढ्यांचा पुडा घेऊन. पहिलं दार मेरीबाईंचं. मेरीबाई आमच्या शेजारीण, पिढ्यान् पिढ्या मुलुंडच्या जुन्या गावठाणातल्या.

"अगो बाय, पेढे! कितवा महिना?"

"म्हैना न्हाई काय न्हाई. टेस्ट निगेटिव आली."

"निगेटिव्ह? मग पेढे कसले?"

"सून जित्ती ऱ्हायली माझी," आत्याबाई म्हणाल्या आणि पुढच्या दाराकडे गेल्या.

चाळभर वाटून त्या घरात आल्या. एक पेढा माझ्या तोंडात घातला. पहिल्या पेढ्यांनंतर मी पेढ्याला हात लावला नव्हता. मग त्यांनी माठ उघडला, तांब्या काठोकाठ भरला आणि माझ्या हातात दिला.

"पी आता. पायजे तेवढं पी."

मी सगळा तांब्या एका दमात प्यायले.