कलमवाली मावशी

कोणी दम दिला की मावशी आधी विचारायची, "कोनतं कलम?" हवालदाराने काठी आपटली तरी हेच आणि भाजीवाल्याने भाव वाढवला तरी हेच. "वांगी महाग केलीस, कोनत्या कलमाखाली?" भाजीवाला हसून एक वांगं जास्त टाकायचा. हवालदार हसत नसे. टेकडीवरच्या बायका तिला कलमवाली मावशीच म्हणत. तिचं खरं नाव मला बऱ्याच उशिरा कळलं.

मी भिवंडीजवळच्या वळ गावची. आमच्या घरात पदवी घेतलेली पहिलीच. भिवंडीतल्या टेकडीखाली एका संस्थेचा दवाखाना होता. तिथे मला पहिली नोकरी लागली, तेव्हा वडील दुसऱ्यांच्या शेतावर मजुरीला जात होते. टेकडीवर धंदा चाले, म्हणून कामाची जागा मी घरी नीट सांगितली नव्हती. मावशी मला नावाने हाक मारत नसे. "ए बीए, इकडं ये. वाच." मग मी कायद्याचं पुस्तक मराठीत सांगायची आणि ती डोळे मिटून ऐकायची. तिला वाचता येत नव्हतं. कलमांचे आकडे ती नेहमी चुकवायची, पण अर्थ चुकवत नसे.

एका कलमाशी ती अडली. धंदा करणाऱ्या बाईच्या कमाईवर जगणारी अठरा वर्षांवरची कोणीही व्यक्ती गुन्हेगार. मी म्हटलं, हे दलालांसाठी आहे. ती म्हणाली, "दलाल लिवलंय का तितं? कोनीबी लिवलंय ना? मंग माझी पोर कोन?"

तिची मुलगी उज्ज्वला कल्याणच्या वसतिगृहात राहून नर्सिंग शिकत होती. तिला नुकतीच अठरा पूर्ण झाली होती. शिक्षण संपलं की पोरीने आपल्याजवळ राहावं, एवढंच मावशीला हवं होतं. त्यासाठी कायदा बदलायला पाहिजे, आणि त्यासाठी आमदाराला भेटायला पाहिजे, असं तिने ठरवलं.

मग सराव सुरू झाला. शुक्रवारी यंत्रमाग बंद, कामगार टेकडीवर येत, त्या दिवशी बायकांना मान वर करायला फुरसत नसे. म्हणून सराव गुरुवारी दुपारी. पाण्याच्या पिंपावर जाडी शकीला आमदार होऊन बसायची, मुद्दाम जांभया द्यायची, "पीए से मिलो" म्हणायची. प्रत्येकीने समोर उभं राहून डोळ्यांत बघून बोलायचं. मावशीचा एकच नियम होता. "रडायचं न्हाय. रडलं की सायब पानी पाजतो आन घरी धाडतो." वाक्यही तिनेच बसवलं होतं: माझी मुलं माझ्या कमाईवर शिकतात, माझ्यावर कोणाची जबरदस्ती नाही, माझ्या मुलांना गुन्हेगार ठरवू नका.

सुट्टीत उज्ज्वला आली आणि सरावात बसली. तिचा आवाज सगळ्यांत खणखणीत होता. मावशी शकीलाला म्हणाली, "बघ, आमदार. असं बोलतात." शकीला म्हणाली, "इसको टिकट दे दो, मैं घर जाती."

त्याच सुट्टीत टेकडीवर पोलिसांची धाड पडली. बायकांना रांगेत उभं केलं. साहेबांनी उज्ज्वलाला विचारलं, "तू कोण?" ती ताठ उभी राहिली. त्यांच्या डोळ्यांत बघून म्हणाली, "मी हिची मुलगी. मी आईच्या कमाईवर शिकते. तिच्यावर कोणाची जबरदस्ती नाही."

साहेबांनी वय विचारलं. तेही तिने खरं सांगितलं.

निरोप आला तशी मी चौकीत गेले. बाकावर दोघी शेजारी बसल्या होत्या. मला बघताच मावशी उठली. "सायब, या बाई आल्या. त्यांच्या दवाखान्यात शिकाया आलीया ही. येडी हाय, कायबी बोलते. माझी कोन न्हाय."

"आई, असं काय म्हणतेस?"

"कोनाची आई? बाई, घेऊन जा हिला."

साहेबांनी माझ्याकडे बघितलं. मी म्हटलं, हो, आमचीच विद्यार्थिनी आहे. मी तिला घेऊन बाहेर पडले. मावशीने नंतर तिला निरोप धाडला, कायदा बदलेपर्यंत इकडे यायचं नाही. उज्ज्वला शिकली, नाशिककडे नोकरीला लागली.

मला वाटलं, आता मावशी आमदाराचं सोडून देईल. पण पुढच्याच गुरुवारी तिने पिंप पुसून ठेवलं.

भेट मिळाली. आमदारांनी बसायला खुर्च्या दिल्या, चहा दिला. सगळ्या नीट बोलल्या. शकीलाही मराठीत बोलली. आमदार म्हणाले, "हा कायदा दिल्लीचा. मी इथून काय करणार?" मावशी म्हणाली, "दिल्लीचा रस्ता आमाला ठावं न्हाय, सायब. तुमाला हाय." ते हसले. मग सहज विचारलं, "मावशी, तुम्हाला मुलं किती?"

"एकबी न्हाय, सायब."

आमच्यापैकी कोणीच तिच्याकडे बघितलं नाही.

जिना उतरताना मी तिला धरून विचारलं, इथे तरी का नाही सांगितलं? याच्यासाठीच तर आलो होतो. ती कठड्याला धरून पायरी बघत उतरत होती.

"त्यांच्या मागं हवालदार उभा व्हता," ती म्हणाली. "तू बघितला न्हाय?"

उज्ज्वला भिवंडीत आली ती मावशी गेल्यावर. ते कलम अजून आहे.