ताईच्या दिराची टीम

हरणाऱ्या टीमवर माणसानं किती जीव लावावा याला काही मर्यादा असते असं ज्यांना वाटतं, त्यांनी माझ्या ताईचा धाकटा दीर पाहिलेला नाही. आमच्या कॉलेजची फुटबॉलची टीम सतत हरायची, आणि हा गृहस्थ सतत पाहायला जायचा. अमरावती म्हणा, वर्धा म्हणा, अकोला म्हणा, जिथे कुठे आमचे अकरा गडी मार खायला जात, तिथे हा बारावा त्यांच्या आधी पोचलेला असे. स्वतः त्यानं जन्मात चेंडूला पाय लावलेला नव्हता. त्याच्या लहानपणी मुकुटबनात फुटबॉल नावाची वस्तू कुणी पाहिलीसुद्धा नव्हती. साठ सालानंतरची गोष्ट. यवतमाळला कॉलेजात नाव घालायला आम्ही दोघं रांगेत उभे होतो. तेवढ्यात त्याला मैदानावर मुलं खेळताना दिसली. रांग सोडून तो तिकडे गेला तो दिवेलागणीलाच परतला. त्याचा फॉर्म मी भरला, आणि त्याच्यामागोमाग माझा. म्हणून हजेरीपटात त्याचा नंबर तेवीस आणि माझा चोवीस लागला. पुढचं सगळं रामायण त्या दोन आकड्यांवरून घडलं.

आम्ही केळापूरकडचे, आणि ताई मुकुटबनला दिलेली. तिचा हा दीर आणि मी एकाच वर्षी मॅट्रिक झालो, तेव्हा दोन्ही घरच्यांनी परस्पर ठरवलं की पोरांनी एकच खोली घ्यावी. ठरवणाऱ्यांचं काय जातं. आमच्याकडे सोयरे एकमेकांना ‘पाव्हणे’ म्हणतात. त्यामुळे दहा बाय दहाच्या खोलीत, एका स्टोव्हवर भात शिजवत, एका साबणानं कपडे धूत आम्ही तीन वर्षं एकमेकांना ‘पाव्हणे’ म्हणत आणि अहो-जाहो करत काढली. आता इथेही मी त्यांना पाव्हणेच म्हणतो, एकेरी लिहायला हात वळत नाही. त्यातून मी मुलीकडचा. मी एक शब्द वाकडा बोललो तर त्याचे दहा ताईला ऐकावे लागतील, असं आईनं निघताना बजावलं होतं. खोलीत खाट एकच होती, ती अर्थात त्यांना दिली आणि मी खाली सतरंजीवर. पाव्हण्यांच्या मनात मात्र मुलीकडचा-मुलाकडचा असलं काही नव्हतं. ते रोज मला वर बोलवायचे. “बसा ना पाव्हणे, खाली काहून बसता? खाट काय माह्या बापाची हाय?” खाट माझ्या बापाची होती.

घरून त्यांना ज्वारी-तूर तेवढी यायची. बाकीचं शिक्षण स्वतःच्या हिमतीवर करायचं, आणि एक जरी वर्ष वाया गेलं तरी परत येऊन नांगर धरायचा, असं त्यांच्या मोठ्या भावानं, म्हणजे ताईच्या यजमानांनी, साफ सांगितलं होतं. पाव्हणे कामाला कधी लाजले नाहीत. आधी ते लाकडाच्या टालावर, म्हणजे वखारीत, होते, मग पिठाच्या गिरणीत. गिरणीतून त्यांना लवकर निरोप मिळाला, कारण गिरणी चालू असतानाही त्यांचं बोलणं रस्त्यापलीकडे ऐकू जायचं आणि दळणाला आलेल्या बायकांच्या गप्पांचा त्यामुळे विचका व्हायचा. पण तोच आवाज पुढे कामी आला. त्या काळी सिनेमाची जाहिरात टांग्यातून फिरे. टांग्याच्या दोन्ही बाजूंना रंगवलेल्या पाट्या, आणि आत पत्र्याचा भोंगा घेतलेला एक माणूस. गावातल्या टॉकीजच्या मालकांनी एकदा पाव्हण्यांना मॅच पाहताना ऐकलं आणि दुसऱ्याच दिवशी तो भोंगा त्यांच्या हातात दिला.

मालकांना वाटलं आपल्याला जाहिरातवाला मिळाला. खरं म्हणजे कॉलेजच्या टीमला भोंगा मिळाला होता. पाव्हण्यांच्या डोक्यात सिनेमा आणि फुटबॉल यांच्यामध्ये भिंत नव्हती. टांग्यातून ते ओरडत, “आजपासून, दररोज दोन खेळ, हृदयाला पीळ पाडणारा कौटुंबिक बोलपट,” आणि श्वास न घेता पुढे, “तसाच रविवारी चार वाजता कॉलेजच्या मैदानावर संपूर्ण मारधाडीचा खेळ, प्रवेश मोफत, स्त्रियांसाठी बसण्याची वेगळी व्यवस्था.” ही शेवटची ओळ सिनेमाची होती, जिभेला वळण पडल्यामुळे ती फुटबॉललाही लागली. त्या रविवारी दहा-बारा बायका लेकरंबाळं आणि चटया घेऊन मैदानावर आल्या. पाव्हण्यांनी दिलेला शब्द पाळला. गोलच्या मागं दोरी बांधून त्यांना वेगळी जागा करून दिली. अर्ध्या तासानं एक म्हातारी त्यांना म्हणाली, “बापू, गाणे कवा लागते?” पाव्हणे म्हणाले, “आपला गोल झाला का लागन, आजी.” म्हातारी शेवटपर्यंत बसली आणि गाणं न ऐकताच घरी गेली.

मॅचला त्यांचे स्वतःचे कायदे होते. ते नेहमी आपल्या गोलच्या मागे उभे राहत, का तर खेळ बहुतेक तिथेच चालायचा आणि चांगला दिसायचा. मॅच संपेपर्यंत पाण्याचा थेंब घेत नसत. गोलकीपरनं चेंडू अडवला, आणि असं महिन्यातून एकदा तरी व्हायचं, की भोंग्यातून येई, “अवश्य पहा, पाहायला विसरू नका.” हरल्यावर मात्र त्यांच्या चेहऱ्यावर दुःखाचा मागमूस नसे. सात गोल खाऊन परतणाऱ्या कॅप्टनच्या खांद्यावर हात ठेवून ते म्हणत, “मागच्या बारीले नऊ होते. अशीच सुधारना करत राह्यले तर चार वर्षांत बरोबरी होते.” कॅप्टन तिसऱ्या वर्षाला होता.

आता हजेरीचं सांगतो. अर्थशास्त्राचा तास दुपारी बाराला असे, आणि बाजाराच्या दिवशी व नवा सिनेमा लागायच्या दिवशी नेमका त्याच वेळी टांगा गावात फिरत असे. विद्यापीठाचा नियम असा, की शंभरात पंचाहत्तर तास भरले नाहीत तर परीक्षेला बसता येत नाही. अर्थशास्त्राचे सर वयस्क होते. जाड भिंगांचा चष्मा लावून हजेरीपट नाकाशी धरत आणि मान वर न करता नंबर पुकारत. तेव्हा मी काय करायचं ते उघडच होतं. तेवीस म्हटलं की मी घसा खरवडून, पोटातून, मुकुटबनच्या सुरात “प्रेझेंट सर” म्हणायचो, आणि चोवीस म्हटलं की माझ्या साध्या आवाजात माझं. मुलीकडच्यानं मुलाकडच्यांसाठी एवढं करायला हरकत नाही, अशी मी मनाची समजूत घातली होती. शिवाय त्यात थोडी कलाही होती. मागच्या बाकावरची मुलं माना डोलवत.

तिसऱ्या वर्षी, परीक्षेला दीड महिना असताना, हजेरी पूर्ण झालेल्यांची यादी बोर्डावर लागली. रविवार होता. मी सकाळी सहज बघायला गेलो. तेवीस नंबर होता, चोवीस नव्हता. मी यादी वरून खाली, खालून वर वाचली. तीन वर्षांत अर्थशास्त्राचा एकही तास न चुकवलेला माणूस मी, आणि माझी हजेरी कमी. मला काही उमजेना. एवढं मात्र कळत होतं, की सरांकडे दाद मागायला गेलो तर ते खोदून विचारणार, आणि मग तेविसाचं बिंग फुटणार. पाव्हण्यांना परत जाऊन नांगर धरावा लागणार, आणि तो माझ्यामुळे म्हणून ताईला जन्मभर ऐकावं लागणार. गप्प राहिलो तर माझं वर्ष जाणार. माझ्यामागे धाकटा भाऊ मॅट्रिक होऊन घरी बसला होता. मी सुटलो की त्यानं कॉलेजात यायचं, दोघांना एका वेळी शिकवायची वडिलांची ऐपत नाही, असं ठरलेलं होतं. यादी दुसऱ्या दिवशीच्या टपालानं नागपूरला जाणार होती. मी खोलीवर येऊन सतरंजीवर पडलो. पाव्हणे आरशासमोर भोंगा पुसत होते. अमरावतीवाल्यांशी वर्षातली शेवटची मॅच होती. “येता ना?” म्हणाले. मी म्हटलं, डोकं दुखतं. “मंग झोपा. आल्यावर सारं सांगतो,” म्हणून ते गेले.

पाचच्या सुमाराला दार धाडकन उघडलं. पाव्हणे घामाघूम, हातात भोंगा. मॅच संपायला तर अजून अवकाश होता. हाफटाइमला वर्गातल्या कुणीतरी त्यांना सांगितलं होतं, की तुमच्या पाव्हण्यांचं नाव यादीत नाही.

“मले काहून नाही सांगितलं?” त्यांनी विचारलं. मी उठून बसलो. मग त्यांनी भिंतीवरचा माझा शर्ट काढून माझ्या अंगावर टाकला. “चला.”

“मॅच?”

“एक-एक हाय. चला तुमी.”

एक-एक. अमरावतीवाल्यांशी हाफटाइमला एक-एक म्हणजे आमच्या कॉलेजच्या दृष्टीनं सूर्य पश्चिमेला उगवण्यासारखंच होतं. आणि हा माणूस ते सोडून आला होता. रस्त्यानं मी त्यांना परोपरीनं समजावलं, की तुमचं नाव आलंय, ते राहू द्या, माझं मी बघून घेईन. त्यांनी ऐकलं नाही. सरांचं घर येईपर्यंत ते एवढंच म्हणाले, “मी नांगर धरला तं काय होते? मले येते तो. तुमाले तेबी येत नाही.”

सर ओसरीवर आरामखुर्चीत वाचत बसले होते. पाव्हणे पायरीवर उभे राहिले आणि बोलायला लागले. मैदानावरून थेट आल्यामुळे आवाज अजून मैदानाचाच होता. “सर, तेवीस नंबरची हजेरी माही नाही. मी टांग्यात राहो, अन् हे माह्यासाठी प्रेझेंट म्हणत. ते सारी यांची हाय. माहं नाव खोडा अन् यांचं लिवा.” समोरच्या घरातली माणसं खिडकीत आली. पलीकडच्या दोन घरांतलीही आली. मी जमिनीकडे बघत राहिलो.

सरांनी पुस्तक मिटलं. “जरा हळू बोल, मला दिसतं कमी, ऐकू नीट येतं,” ते म्हणाले. “आणि ऐकू येतं म्हणूनच सांगतो. तेवीस म्हटल्यावर माझ्या वर्गात हा ‘प्रेझेंट’ म्हणायचा, आणि त्याच क्षणी खिडकीखालच्या रस्त्यावरून तुझा भोंगा हृदयाला पीळ पाडणारा बोलपट सांगत जायचा. एकच माणूस दोन ठिकाणी कसा असेल, याचा मी पहिले चार दिवस विचार केला.”

पाव्हण्यांनी भोंगा पाठीमागे लपवला.

“दोन वर्षं दोघांच्याही हजेऱ्या मांडत गेलो. यंदा मात्र एक नियम केला. एका तोंडाला एक हजेरी. तेवीस आधी येतो, म्हणून तेविसाला मांडली, चोविसाला सोडून दिली.”

“पण सर, मी तर हजर होतो,” माझ्या तोंडून निघून गेलं.

“होतास. आणि खोटं बोलत होतास. हा पोटासाठी बाहेर होता. तुमच्यातला कुणीतरी येऊन सांगेल म्हणून तीन वर्षं वाट पाहिली. आज यादी लावली, तेव्हा वाटलं, आता तरी येतील. हा येईल असं वाटलं नव्हतं. आज मॅच आहे ना?”

पाव्हण्यांनी मान हलवली.

सरांनी यादी टपालात टाकली नव्हती. आठवडाभर ती आपल्याकडेच ठेवतो असं ते म्हणाले. जास्तीचे तास घ्यायची मुभा नियमात होती, आणि माझे अकरा तास कमी होते. उद्यापासून सकाळी आणि संध्याकाळी त्यांच्या ओसरीवर अकरा तास घेणार, दोघांनीही यायचं. “ह्याची हजेरी मी दिली ती दिली, पण अर्थशास्त्र काही दिलेलं नाही,” ते म्हणाले. आतून त्यांच्या पत्नी चहा घेऊन आल्या. तो चहा मी निम्मा बशीतच सांडला. छातीवरचा धोंडा उतरतो म्हणतात तो असा उतरतो हे मला त्या दिवशी कळलं. मी बसल्या जागी हसायला लागलो, आणि ते मला थांबवता येईना.

बाहेर पडलो तर रस्त्यानं मैदानावरची पोरं नाचत येत होती. गोलकीपर खांद्यावर होता. दोन-एक. आमचं कॉलेज जिंकलं होतं. तीन वर्षांत पहिल्यांदा, आणि आम्ही तिथे असेपर्यंत शेवटचंच. पाव्हणे रस्त्याच्या कडेला उभे राहिले. दुसरा गोल कसा झाला ते त्यांनी एकाला विचारलं, मग दुसऱ्याला, मग तिसऱ्याला. तिघांनी तीन तऱ्हा सांगितल्या. पाव्हण्यांनी तिन्ही मन लावून ऐकल्या. मी म्हटलं, “पाव्हणे, तुमची मॅच गेली.” त्यांनी भोंगा या हातातून त्या हातात घेतला. “गेली कुठं? जिंकली ना,” म्हणाले, आणि पोरांमध्ये मिसळून ओरडत निघाले.

आम्ही दोघंही पास झालो. माझ्यामागून माझा भाऊ कॉलेजात आला. पाव्हणे झरी जामणीकडे मास्तर झाले, आणि तिथल्या पोरांना त्यांनी फुटबॉल शिकवला, स्वतःला खेळता येत नसताना. आता लग्नकार्यात जुने कॉलेजवाले भेटले की त्या मॅचची गोष्ट निघतेच. त्या दिवशी मैदानावर होतो असं सांगणारे एवढे आहेत की मैदानात मावले नसते. प्रत्येक जण दुसरा गोल सांगतो, आणि मग कुणीतरी कोपऱ्यात बसलेल्या पाव्हण्यांकडे वळून म्हणतो, गुरुजी, तुम्ही सांगा, तुमच्याइतकं जवळून कुणी पाहिलं. पाव्हणे पानाला चुना लावत असतात. वर न बघता म्हणतात, “म्या नाही पाह्यला तो गोल. तवा मले जरा काम होतं.”

काय काम होतं, ते त्यांनी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. ताईलासुद्धा नाही.