कोन्या गावचे?

राळेगाव तालुक्यात माझ्या बायकोच्या मामांचा सोयरा नाही असा माणूस अजून जन्मला नाही. जन्मला असेलच, तर त्याची आणि मामाजींची गाठ पडलेली नाही, एवढंच. मामाजी एस.टी.त कंडक्टर होते. निवृत्त होऊन वीस वर्षं झाली, पण माणूस दिसला की त्याला गाव विचारायची खोड काही निवृत्त झाली नाही. "कोन्या गावचे? कोनाकडचे?" एवढे दोन प्रश्न विचारले, की पाच मिनिटांत त्या बिचाऱ्याची आत्या मामाजींच्या साडूच्या चुलतभावाला दिलेली निघायचीच. नातं सापडेपर्यंत ते समोरच्याचा हात सोडत नसत. यापायी लोकांच्या गाड्या चुकल्या आहेत. एकदा मारेगावला लग्नाला म्हणून मामाजी आणि मी गेलो आणि ते मला घेऊन भलत्याच मांडवात शिरले. पंगतीत माझ्या लक्षात आलं, तेव्हा मी हळूच म्हटलं, "मामाजी, हा नवरदेव आपला नाही." मामाजी बुंदी संपवत म्हणाले, "थांबा जरा, जवाईबुवा. होऊन राह्यला." पंगत उठायच्या आत नवरीचे आजोबा मामाजींच्या मावससासऱ्यांचे व्याही निघाले, आणि दुपट्टा-टोपीचा मान घेऊनच मामाजी बाहेर पडले. आम्हाला बोलावलेल्या खऱ्या लग्नात आम्ही पोचलो ते अक्षता पडून गेल्यावर.

मामी गेल्या आणि मुलानं त्यांना पुण्याला नेलं. नवव्या मजल्यावर घर. पोरगा गुणी, काही कमी पडू दिलं नाही. पण दिवसभर घरात मामाजी आणि टीव्ही. लिफ्टमध्ये एकाला त्यांनी विचारलं, "कोन्या गावचे?" तो म्हणाला, "बी विंग." मामाजींनी महिनाभर डोकं खाजवलं, पण बी विंगला दिलेली एकही मुलगी त्यांना आठवेना. मग ते गप्प होत गेले. चौथ्या महिन्यात मुलानं चहाचा कप पुढे केला, तर त्यालाच म्हणाले, "पुढं सरका, मंदी जागा हाये." डॉक्टरांनी गोळ्या दिल्या आणि माणसांत ठेवा म्हणून सांगितलं. मुलानं त्यांना परत राळेगावात आणलं, आमच्या गल्लीतल्या त्यांच्या घरात, आणि मला बाजूला घेऊन म्हणाला, "भाऊजी, आता तुमच्या भरवशावर. पण पुन्हा घरच्या माणसालाही ओळखेनासे झाले, तर मी त्यांना घेऊन जाणार. मग तिथं त्यांना दाराला कुलूप लावूनच ठेवावं लागेल."

मी त्यांना रोज सकाळी स्टँडवर नेऊन बसवू लागलो. आठ दिवस नुसते बसून. खरं औषध सापडलं ते रहमतचाचांना. चाचांचं स्टँडसमोर सायकलचं दुकान, मामाजींशी चाळीस वर्षांची दोस्ती आणि तेवढीच जुनी भांडणं. एक दिवस चाकाला हवा भरता भरता चाचा सहज म्हणाले, "काय बे कंडक्टर, तो वाढोन्याचा मास्तर तुहा साडू ना?" मामाजी ताडकन उठले. "साडू? अबे, साडूचा व्याही हाये तो! तुले काई समजते का?" चाचांनी माझ्याकडे बघून डोळा मारला.

दुसऱ्या दिवसापासून अख्खा स्टँड कटात सामील. चहावालीनं मामाजींची बहीण वणीला देऊन टाकली, एका ऑटोवाल्यानं त्यांचं आजोळ थेट झरीच्या जंगलात नेलं. मामाजी दिवसभर एकेकाला दुरुस्त करत फिरायचे, घसा बसवून घरी यायचे आणि दोन भाकरी जास्त खायचे. गोळ्याही मी नेमानं देत होतो; डॉक्टरांचं श्रेय कशाला नाकारा? मामाजींचं मत मात्र वेगळं होतं. "साऱ्या स्टँडाची अक्कल गेली, जवाईबुवा. मी आलो म्हनून बरं." मला फारच चेव चढला आणि मी त्यांच्या सासुरवाडीचं गावच बदललं. दोन दिवस माझ्याशी बोलले नाहीत.

मागच्या आठवड्यात दुपारी मी त्यांचा जेवणाचा डबा घेऊन स्टँडवर गेलो. मामाजी बाकावर अदबीनं सरकले. "बसा. कोन्या गावचे?"

सूड उगवताहेत असं वाटून मी हसलो. पण त्यांच्या डोळ्यांत हसू नव्हतं. समोर चाचांनी हातातला पाना खाली ठेवला.

मी बसलो. म्हटलं, "कळंबचा."

"बायको कोठची?"

"बाभूळगावची."

"सासू कोन्या गावची?"

"इथलीच, राळेगावची. तिचा भाऊ एस.टी.त कंडक्टर होता."

मामाजींनी माझा हात धरला आणि डोळे मिटले. ओठ हलत होते. वर्ध्याची गाडी लागली, भरली, निघून गेली. हात सोडला नाही. मग एकदम चेहरा उजळला. "अबे! म्हंजे तुमी आमचे जवाई! मंग इतका वेळ बोलले काहून नाई?" आणि चहावालीकडे वळून ओरडले, "पोरी, साखर जास्त टाक, जवाई आले हायेत!" चाचा तेलकट फडक्यानं तोंड पुसत होते.

संध्याकाळी पुण्याहून फोन आला. "बाबा ओळखतात ना सगळ्यांना?"

"ओळखतात म्हणजे?" मी म्हटलं. "आज तर मला पार सासूबाईंच्या माहेरापासून ओळखलं."

तो हसला. दुसऱ्या दिवसापासून, नातं सापडायचा वेळ धरून, मी डबा घेऊन अर्धा तास लवकर निघू लागलो.